काउंटरच्या दोन्ही बाजूंनी : तुमचे अनुभव लिहा

"या, बसा, पाणी घ्या" म्हणणारं दुकान आता शोधावं लागतं, ही तक्रार छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत सगळीकडं ऐकू येते. मला वाटतं, माणसं उर्मट झालेली नाहीत; काउंटरवरच्या माणसाच्या हातात काही ठेवलेलंच नाही. गिऱ्हाईक आणि कामगार, दोघांनीही लिहा. दुकानाचं नाव नको.

लातूर, गिऱ्हाईक
भाचीचा बस्ता बांधायला गेलो होतो. पूर्वी गादीवर बैठक मारायची, चहा यायचा, आणि आहेराच्या लुगड्यापासून नवरीच्या शालूपर्यंत आपलं बजेट सेल्समन न सांगताच ओळखायचा. यंदा चार घरच्या बस्त्यांना एकच पोरगा. "अजून दाखव" म्हटलं की तोंड फिरवायचा. उठून आलो. राग अजून गेला नाही.

नांदेड, साडी काउंटर
दादा, तो पोरगा सकाळी दहापासून उभा असणार. आमच्याकडं कुणी टेकलेलं कॅमेऱ्यात दिसलं की लगेच फोन येतो. लग्नसराईत शटर पडल्यावर उलगडलेल्या सगळ्या साड्यांच्या घड्या घालायच्या, काठ वर, लेबल बाहेर. घरी गेल्यावर चपलेच्या पट्ट्यांचे वळ पायावर तसेच असतात. केरळनं २०१८ला आणि तमिळनाडूनं २०२१ला दुकानातल्या कामगारांना बसायची सोय कायद्यानं दिली. आमच्याकडं स्टूल फक्त गिऱ्हाइकाला. वर टार्गेट हुकलं की इन्सेंटिव्ह जातो, म्हणून नुसतं बघायला आलेल्या बाईकडं लक्षच देता येत नाही. मनाला लागतं हे.

परभणी जिल्हा, कृषी सेवा केंद्र
युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची. पण वरून माल येतानाच सोबत दुसरी खतं, बाटल्या गळ्यात मारलेल्या असतात. मालक म्हणतो, ते खपलं तरच युरिया दे. पेरणीच्या घाईतला शेतकरी मलाच म्हणतो, "कामून लुटायलास रे आम्हाला?" त्याचं खरं आहे, आणि तो माझ्याच गावचा आहे. खत देताना अंगठा घ्यायच्या पॉस मशीनवर म्हाताऱ्या माणसाचा अंगठा उमटत नाही, राबून रेषा झिजलेल्या. मी बोट पुसतो, परत टेकवतो, तोवर मागची रांग शिव्या द्यायला लागते. मालकाकडं विषय काढला तर उत्तर ठरलेलं: जमत नसेल तर दुसरीकडं बघ.

जालना, बिलिंग
मोबाईल नंबर देणं सक्तीचं नाही, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३लाच सांगितलंय. माझी स्क्रीन मात्र नंबराशिवाय पुढं सरकत नाही. भांडण माझ्याशीच होतं.

बीड, कापड दुकानदार
माझीही बाजू ऐका. चांगली पोरं पुण्याला गेली, तिथल्या कंपनीएवढा पगार मला परवडत नाही. गिऱ्हाईक माप घालून बघतं आणि मोबाईलवर मागवतं. तरी यंदा काउंटरमागं स्टूल ठेवले आणि दुपारी जेवायला अर्धा तास दुकान बंद ठेवतो. कपडा बदलून द्यायचा की नाही, हे आता काउंटरवरचा पोरगाच ठरवतो, मला विचारत नाही. अजून तरी नुकसान झालेलं नाही.