एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' आलंय, आता वाकायचं कायमचं बंद का?

चाकणवारी:
वय ४१. आठ महिने झाले कंबर धरून बसलोय. रोज हडपसर ते चाकण बाईक, ऑफिसात परत नऊ तास खुर्ची. सकाळी पलंगाची कड धरून उठावं लागतं. एल४-एल५ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात, डिस्क बल्ज (मधली गादी जरा बाहेर फुगलेली) आणि डीजनरेशन (झीज) लिहिलंय, पायात मुंग्या वगैरे नाहीत. पट्टा लावतो, ट्रॅक्शनची (कंबर ताणून धरतात ते) दहा सिटिंग झाली, पडून असतो तोवर बरं, उठलं की जैसे थे. घरचे म्हणतात वाकू नको, पोरीला उचलू नको. चार वर्षांची आहे हो ती. ऑपरेशनच करावं लागेल का?

कोकणची_काकू:
अरे महानारायण तेल कोमट करून चोळून घे आणि शेक. आमच्या ह्यांना पण मणक्यात गॅप आहे म्हणे, वीस वर्षं झाली, अजून माडाखालचे नारळ तेच गोळा करतात.

फिजिओ_ताई:
काकूंचे 'हे' बरोबर करतायत. दादा, रिपोर्टला एवढं घाबरू नका. २०१५ मध्ये जुन्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला होता, त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीतल्या लोकांपैकी साधारण निम्म्यांना बल्ज आणि ६८ टक्क्यांना डीजनरेशन निघालं, म्हणजे केस पिकतात तसंच ते. तीन महिन्यांच्या वर दुखणं रेंगाळलं की मज्जासंस्था गल्लीतल्या कुत्र्यासारखी होते, एकदा चोर येऊन गेला की पेपरवाल्यावरही भुंकते, आणि झोप कमी, टेन्शन, वाकायची भीती यांनी अजूनच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्ये अशा कंबरदुखीला ट्रॅक्शन आणि पट्टा सरसकट नको म्हटलंय, व्यायाम करा म्हटलंय. तेल चोळा की, बरं वाटतं, पण पडून राहू नका. फक्त लघवी अडकली किंवा नकळत झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलेना झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप किंवा वजन उतरत असेल तरी लवकर दाखवा.

जुना_कंबरदुखीवाला:
मी पण दोन वर्षं पट्ट्यात काढली. शेवटी चालायला लागलो, आधी १० मिनिटं, मग हळूहळू ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. मधे गणपतीत उत्साहात पाट-टेबलं उचलली आणि परत आठवडाभर आडवा, वाटलं संपलं सगळं, पण तेही उतरलं. आता कधीमधी दुखतं, पण मोजत बसत नाही.

चाकणवारी:
ताई, मग पोरीला उचलू का नको ते सांगा आधी.

फिजिओ_ताई:
उचला. पण डायरेक्ट जमिनीवरून नको, आधी तिला सोफ्यावर उभी करा, जवळ घ्या आणि मग. रोज दोन-तीनदाच, दुसऱ्या दिवशी फार ठणकलं नाही तर वाढवा. आणि एकदा जवळच्या फिजिओला दाखवून व्यायाम बसवून घ्या.

चाकणवारी:
सोफ्यावर उभी राहायला तिला सांगायला नको, ती उतरतच नाही तिथून 😅