मदत हवी आहे: तिच्याकडे जाऊ की नको?

चाफेकळी:
पटकन सांगा, संध्याकाळपर्यंत ठरवायचंय. ती परत सुरू झालीय. काल रात्री फोन आला, जीभ जड होती. "तू ये, पण कुणाला सांगू नकोस" म्हणाली. आज फोन उचलत नाहीये. सासूबाई म्हणतात त्या बायकांशी संबंधच नको. काय करू?

रानवारा:
ती म्हणजे कोण? बहीण, शेजारीण? आणि काय सुरू झालंय, दारू की गोळ्या?

मधुकर_वाई:
ताई, विपश्यना. दहा दिवस इगतपुरीला पाठवा. आमच्या मेहुण्याची सिगारेट कायमची सुटली.

रानवारा:
अहो काका, बाई फोन उचलत नाहीये आणि तुम्ही तिला शिबिराला धाडताय.

चाफेकळी:
दारू. पुण्यात व्यसनमुक्तीच्या एकाच वॉर्डात होतो आम्ही, खाटेला खाट लागून. कळलं असेल असं वाटलं.

कडुनिंब:
म्हणजे तूही सोडलेली! आधी सांगायचंस ना गं, उत्तरच बदलतं. जा, पण एकटी नको. एएमध्येसुद्धा (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) पिणाऱ्याच्या घरी शक्यतो दोघं मिळून जातात. स्पॉन्सर, म्हणजे तुला सांभाळून घेणारी गटातली जुनी मैत्रीण, आहे ना? तिला आधी फोन लाव.

पांथस्थ:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अशा मैत्रीपायीच स्लिप होते, सोडलेली दारू परत सुरू होते. माझ्या चुलतबहिणीचं तेच झालं. बाहेर पडलं की नंबर डिलीट करायचे.

कडुनिंब:
पुरुष मीटिंग संपली की टपरीवर तासभर चहा पीत उभे असतात, त्यांना नाही कुणी नंबर डिलीट करायला सांगत. बाई पीत होती हे माहेरीसुद्धा लपवतात. मग तिनं बोलायचं कुणाशी? पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. तिथल्या मैत्रिणीला मी अजून रात्री-अपरात्री फोन करते, नवऱ्याला उठवत नाही.

पांथस्थ:
आणि ती पिऊन उचलेल त्या दिवशी?

नाइटड्यूटी:
भांडण नंतर. ती डायसल्फिराम, म्हणजे दारू सुटावी म्हणून देतात ती गोळी, घेते का? त्यावर दारू गेली तर चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, दम लागतो. तसं असेल तर थेट दवाखाना. रोज पीत असेल तर बाटली ओतून देऊन घरीच बंद करायला लावू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात. दाखल करूनच सोडवायची. पुढच्या चौकशीला व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६.

चाफेकळी:
गोळी घ्यायची. नवरा रोज सकाळी समोर उभा राहून द्यायचा. तो गेल्या आठवड्यात दुबईला गेला.

नाइटड्यूटी:
गोळी थांबवली तरी दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. संध्याकाळची वाट कसली बघताय? शेजारच्यांना आत्ता दार वाजवायला सांगा.

सुमन_मिरज:
आमच्या सासूबाईंची मिश्री सुटत नाही, दात पार गेले. काही उपाय?

रानवारा:
वेगळा धागा काढा हो.

चाफेकळी:
खालच्या काकूंनी दार वाजवलं, तिनं उघडलं. उलट्या चालू आहेत. त्यांनी १०८ ला फोन केलाय. मी निघाले, ग्रुपमधली एक जण येतेय सोबत. सासूबाईंना काय सांगू?

मधुकर_वाई:
भाजी आणायला जाते म्हणा.

कडुनिंब:
काका, काहीही काय! खोटं नको. मैत्रीण दवाखान्यात आहे म्हण आणि नीघ. कुठे नेतायत ते कळव, मी पुण्यातच आहे.