उपचार संपले, पण घरातलं आजारपण संपत नाही

तगर
मी ४३ वर्षांची. डाव्या स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज. आधी किमो झाली, मग स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या, शेवटी रेडिएशन. त्याला आता वर्ष होऊन गेलं. रोज टॅमॉक्सिफेनची, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून हार्मोनचा परिणाम अडवणारी गोळी चालू आहे आणि ठरलेल्या तपासण्या. रिपोर्ट चांगले येताहेत. मला विचारायचंय ते घरातल्या माणसांबद्दल.

नवऱ्याने आजारपणात माझं जे केलं त्याला तोड नाही. ऑपरेशननंतर ड्रेन होता, तेव्हा रात्री उठून तो नळीतून आलेलं पाणी मोजायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. ती वही अजून चालू आहे. गोळी कधी घेतली, झोप किती झाली, डावा हात सुजलाय का. मी भरलेली बादली उचलली की मागून येऊन हातातून काढून घेतो. आणि जवळ येणं मात्र बंद झालंय. "तुला धक्का लागेल" म्हणून पलंगाच्या पार कडेला झोपतो. मी कपडे बदलायला लागले की खोलीबाहेर जातो. त्याला व्रण बघवत नाही म्हणून, की मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून? विचारायला धीर होत नाही. माझ्याही अडचणी आहेतच. गोळीमुळे एकदम अंगातून वाफा येतात, रात्री गाऊन घामाने भिजतो, कोरडेपणा तर विचारू नका. पण मला निदान कुशीत तरी घ्यावं ना कोणी!

मुलगी १५ वर्षांची आहे. आजारपणापासून ती भांडतच नाही. सांगितलेलं सगळं ऐकते, आणि त्याचाच मला त्रास होतो. परवा दिवा मालवल्यावर पाठ करून म्हणाली, "आई, मलाही होणार का गं?" काय सांगायचं असतं अशा वेळी?

धाकट्या बहिणीचे फोनही कमी झालेत. बाकी नातेवाईक "आता बरी दिसतेस" म्हणतात आणि विषय बदलतात. त्याचं एवढं काही वाटत नाही.

शेवंती
तगर, अगदी आमचं घर वाचतेय असं वाटलं. मला सहा वर्षं झाली. हाताबद्दल सांगते. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला कायमची सूज येण्याची शक्यता असते, त्यामुळे नवऱ्याची भीती अगदीच खोटी नाही. पण "त्या हाताने काहीच उचलायचं नाही" हा सल्ला जुना झाला. २००९ मध्ये सूज असलेल्या बायकांवरच एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली, अगदी हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला तर सूज वाढत नाही, असं त्यात दिसलं. फिजिओथेरपिस्टकडे जा आणि नवऱ्याला सोबत ने. माझ्या नवऱ्याने माझं कधीच ऐकलं नाही, पण तिथल्या बाईंनी त्याच्यासमोर माझ्या हातात डंबेल दिलं तेव्हा गप्प बसला.

कोरडेपणाचं डॉक्टरांना स्पष्ट सांग. साधं, पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट चालतं. हार्मोनचं क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वाफांवरही औषधं आहेत. तीसुद्धा त्यांच्याकडूनच घे, कारण वाफांवर दिली जाणारी पॅरॉक्सेटिनसारखी गोळी टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकते.

पाऊलवाट
मी नवऱ्याच्या बाजूने लिहितो. माझी बायको यातून गेली. मीही खोलीबाहेर जायचो. व्रणाचं मला काही वाटत नव्हतं. हिला एवढं सोसावं लागलंय आणि मी जवळ गेलो तर हिला वाटेल याला आता हेच सुचतंय, ही भीती होती. शिवाय वही, औषधं, फाइल यात मला करण्यासारखं काहीतरी होतं. ते सोडलं तर मी काय करायचं, हेच कळत नव्हतं. शेवटी तिनेच माझा हात धरून व्रणावर ठेवला आणि म्हणाली, इथे बधिर आहे, इथे दुखतं, इथे काही होत नाही. ते कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. तुम्ही तुमच्या पद्धतीने सांगा, पण सांगा. त्यांना आपणहून कळणार नाही हो.

बकुळ
मी कॅन्सर विभागात नर्स आहे. मुलीच्या प्रश्नाबद्दल लिहिते. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच जन्मतः मिळालेल्या जनुकातल्या दोषामुळे होतात. बीआरसीए १ आणि बीआरसीए २ ही त्यातली मुख्य जनुकं. तुम्हाला पन्नाशीच्या आत झालाय, म्हणून जेनेटिक कौन्सेलिंगबद्दल, म्हणजे जनुकांची तपासणी करायची का याच्या सल्ल्याबद्दल, डॉक्टरांना जरूर विचारा. तपासणी आधी तुमची होते, मुलीची नाही. आणि तुमच्यात दोष सापडलाच, तरी तो मुलीत असण्याची शक्यता निम्मी. मुलांची ही तपासणी सहसा १८ वर्षांच्या आत करत नाहीत.

तिला "नाही होणार" असं वचन देऊ नका. "मला माहीत नाही, पण आपण डॉक्टरांना विचारू, आणि जे कळेल ते मी तुला सांगेन" एवढं सांगितलं तरी तिला पुरेल. ती भांडत नाही, कारण तिला वाटतंय तिच्या भांडण्याने तुम्हाला त्रास होईल. आपल्यामुळे आईला हे झालं, असंही मुलांच्या मनात असतं. तसं काही नाही, हे तिला मुद्दाम सांगा.

तगर
सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचायला दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हेच." एवढंच. फिजिओथेरपिस्टकडे दोघं जाणार आहोत. मुलीशी बोलले, तर तिने प्रश्नांची यादीच पुढे केली. केस गेले तेव्हा तू न्हाणीघरात रडायचीस का, हाही त्यात होता.

बकुळ, अजून एक. माझी तपासणी केली आणि दोष निघाला, तर बहिणीला मी सांगायचं की डॉक्टर सांगतात? ती फोन टाळते, त्यामागे हीच धास्ती असेल असं आता वाटायला लागलंय. तिला ऐकायचंच नसेल तर काय करतात?