शौचाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’, जुलाब मात्र थांबत नाहीत

लालबागकर:
माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही आहे. मध्यंतरी त्याने दीड वर्ष एआरटीच्या (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या सोडल्या होत्या. त्या आता पुन्हा सुरू झाल्या असून सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ६८, म्हणजे फार कमी, आला आहे. चार आठवडे पाण्यासारखे जुलाब होत आहेत, ताप नाही, रक्त नाही, पण वजन सात किलोंनी उतरले. गल्लीतल्या लॅबने ‘ओव्हा, सिस्ट आढळले नाहीत’ (म्हणजे परजीवींची अंडी, कोष नाहीत) असे लिहून दिले, तरी एआरटी केंद्रावरच्या डॉक्टरबाईंनी खास स्टेन (रंग) करून पुन्हा तपासणी सांगितली आहे. ही तपासणी वेगळी कशी? चाळीतल्या मांजरीमुळे असे होते का?

सूक्ष्मदर्शक (लॅब तंत्रज्ञ):
रिपोर्ट खोटा नसावा. जे शोधायला सांगितलेच नव्हते ते सापडले नाही, इतकेच. नेहमीच्या तपासणीत आम्ही शौचाचा कण सलाइनमध्ये आणि आयोडीनमध्ये कालवून पाहतो. क्रिप्टोस्पोरिडियम (क्रिप्टो) या जुलाब करणाऱ्या परजीवीचा कोष जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनचा, गोल. यीस्टच्या पेशींच्या गर्दीत तो सहज हरवतो. सुधारित ॲसिड-फास्ट स्टेन केल्यावर तोच गुलाबी-लाल होऊन उठून दिसतो. असाच दुसरा परजीवी आयसोस्पोरा, म्हणजे हल्लीच्या नावाने सिस्टोआयसोस्पोरा, त्याहून बराच मोठा आणि लांबट असतो. कोष रोज पडतातच असे नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशींचे तीन नमुने द्या. चिठ्ठीवर आजाराचे नाव नको असेल, तर ‘कॉक्सिडियासाठी (या परजीवींच्या गटासाठी) ॲसिड-फास्ट’ एवढे लिहून घेतले तरी पुरते.

परळची वैद्य:
दोन्हींत जुलाब सारखेच दिसतात, उपचार मात्र वेगळे. आयसोस्पोरा को-ट्रायमोक्साझोल या जंतुविरोधी गोळीने सहसा आटोक्यात येतो. क्रिप्टोवर अशा अशक्त प्रतिकारशक्तीत खात्रीचे औषध नाही, एआरटीने सीडी४ वर चढणे हाच त्याचा खरा उपचार, आणि तोवर मीठ-साखरेचे पाणी सोडू नये. मांजरीचा संबंध टॉक्सोप्लाझ्मा या वेगळ्या परजीवीशी. तो बहुधा मेंदूला गाठतो, जुलाबांचे कारण सहसा नसतो. तिला हाकलू नका, पण तिची घाण भावाने काढू नये आणि मटण पूर्ण शिजवूनच खावे. सततची डोकेदुखी, झटका किंवा एका बाजूला अशक्तपणा जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि एक विचारते, प्रतिबंधासाठी दिलेली को-ट्रायमोक्साझोल तो रोज घेतो ना?

गिरगावचा वाचक:
मी स्वतः यातून गेलो आहे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला क्रिप्टो दाद देत नाही; १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात प्रक्रिया केलेल्या पाण्यातूनच सुमारे चार लाख लोक आजारी पडले होते. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पाणी उकळू द्या आणि झाकून ठेवा. नेमक्या पावसाळ्यात आपण चहा उकळून पितो आणि वर पाणी मात्र माठातले, हे माझ्याही घरी चालायचे.

लालबागकर:
दुसऱ्या नमुन्यात आयसोस्पोरा निघाला. वैद्यांची शंका रास्त होती: ‘पोट बिघडते’ म्हणून को-ट्रायमोक्साझोलची पट्टी त्याने उशीखाली तशीच ठेवली होती. आता डॉक्टरबाईंनी त्याच गोळीचा उपचाराचा डोस लिहून दिला आहे, आणि सीडी४ २०० च्या वर टिकेपर्यंत नंतरही ती रोज घ्यायची आहे.