गर्भारपणातील रक्तदाब: वारसा फक्त माहेरचा असतो का?

प्रश्न
मला दहावा आठवडा सुरू आहे, पहिलीच खेप. माझ्या वेळी आठव्या महिन्यात आईचा रक्तदाब 160/110 पर्यंत चढला होता. सुजेमुळे जोडवी कापून काढावी लागली आणि सिझेरियन करून मला वेळेआधी बाहेर काढले. नाव घालायला गेले तेव्हा "घरात कोणाला बीपी?" या प्रश्नावर मी वडिलांचे सांगितले, आईचे राहूनच गेले, कारण बाळंतपणानंतर तिचा रक्तदाब उतरला तो आजतागायत ठीक आहे. हे आनुवंशिक असते का?

प्रतिसाद 1
राहून गेलेली गोष्टच अधिक महत्त्वाची होती. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर जाणे आणि लघवीतून प्रथिने जाणे, या प्रीएक्लॅम्पसियामागे कोणतेही एकच जनुक नसते, पण कुटुंबाचा कल असतो. नॉर्वेत 1967 पासून प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंद होते. त्या नोंदींवरून दिसले की अशा गर्भारपणातून जन्मलेल्या मुलींना स्वतःच्या वेळी हा त्रास होण्याची शक्यता दुपटीहून थोडी अधिक असते. मूळ प्रमाणच शंभरात दोन ते आठ असल्यामुळे दुप्पट होऊनही बहुतेक जणी सुखरूप बाळंत होतात.

प्रतिसाद 2
यात सासरही येते, आणि तेच कोणी विचारत नाही. त्याच नोंदींनुसार अशा गर्भारपणातून जन्मलेल्या मुलग्यांच्या बायकांनाही धोका सुमारे दीडपट आढळला. याचे कारण वारेत आहे. वार बाळाच्या पेशींपासून बनते, म्हणजे तिची निम्मी जनुके वडिलांची असतात. तेराव्या गुणसूत्रावरील एफएलटी1 जनुकापासून तयार होणारे एक प्रथिन वारेतून आईच्या रक्तात अति प्रमाणात उतरले, की रक्तवाहिन्यांच्या अस्तराला लागणारे वाढघटक ते अडवून धरते; मग दाब चढतो आणि मूत्रपिंडातून प्रथिने गळू लागतात. 2017 मध्ये बाळांच्या जनुकांच्या अभ्यासात याच जनुकाजवळचा फरक सापडला, आणि तेरावे गुणसूत्र तीनदा असलेल्या बाळांच्या आयांमध्ये हा आजार अधिक दिसतो, हेही त्याला धरूनच आहे.

प्रतिसाद 3
जनुकीय चाचणी करून घ्यावी का, असे पुढे विचाराल म्हणून आधीच सांगते: नेहमीच्या तपासणीत तिचा उपयोग नाही, कुटुंबाचा इतिहासच कामाचा. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत पहिली खेप आणि आई किंवा बहिणीला झालेला प्रीएक्लॅम्पसिया या दोन्ही मध्यम जोखमी धरतात, आणि अशा दोन असल्या की बाराव्या आठवड्यापासून रोज 75 ते 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुचवतात. तुमचा दहावा सुरू आहे, म्हणून पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मात्र गोळी मनाने सुरू करू नका.

प्रश्नकर्ती
आभार. सासूबाईंना फोन केला. ह्यांच्या वेळी "अंगावर पाणी चढले होते", चप्पल पायात जात नव्हती, एवढेच त्यांना आठवते. बीपी कोणी मोजल्याचे आठवत नाही. आईची जुनी फाईल मात्र सापडली आहे. उद्या सकाळी ती घेऊन जाते आणि सासूबाईंचेही सांगते.