मदत हवी आहे: दामिनीची वीज आणि विकतचं चिलखत (गर्प्स, टेक लेव्हल १०)

नमस्कार मंडळी,

दर रविवारी रात्री साडेनऊला आमचा खेळ बसतो. तिघं पुण्यात, एक नाशकात आणि एक डब्लिनला, म्हणून ही वेळ. जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. नियम गर्प्सचे (फासे टाकून पात्रं रंगवायचा रोलप्लेइंग खेळ), चौथी आवृत्ती. जग आमचंच रचलेलं: २०९० सालची मुंबई, निम्मी पाण्यात. आजच्या जगाची तंत्रज्ञानाची पातळी, म्हणजे टेक लेव्हल, या नियमांत ८ धरतात, आमची १० आहे. पात्र घडवायला प्रत्येकाला ५०० पॉइंट दिले आणि तिथेच माझं गणित फसलं.

दामिनी अंगातून वीज फेकते. सहा फाशांचा जाळणारा वार (फाशांची बेरीज म्हणजे इजा), फाशाला ५ पॉइंट, म्हणजे ३०. उडते, त्याचे ४०. बाकीचे पॉइंट तिने चपळाई, इच्छाशक्ती, पोलिसांतल्या ओळखी असे विचार करून लावले. उस्ताद नावाचा दुसरा गडी इंजिनिअर आहे, अंगात शक्ती वगैरे काही नाही. त्याने ५० पॉइंट टाकून 'फिल्दी रिच' ही श्रीमंती घेतली. टेक लेव्हल १० ला सुरुवातीचे पैसे ५०,००० डॉलर, या श्रीमंतीने त्याच्या शंभर पट, म्हणजे ५० लाख. त्यातले ८० टक्के घरादारात अडकले असं धरलं तरी १० लाख मोकळे हातात. त्यातून त्याने मोटरचं चिलखत घेतलं. त्याचा डीआर, म्हणजे वार अडवायची ताकद (इजेतून वजा होणारा आकडा), मी ६० ठरवला होता. हाच डीआर दामिनीला अंगचा हवा असेल तर एकाला ५ प्रमाणे ३०० पॉइंट पडतात!

आता उस्तादला धोका वाटावा म्हणून मी कंपनीच्या रखवालदारांनाही तसलीच चिलखतं दिली. गेल्या रविवारी दामिनीने गोदीच्या छपरावरून वीज सोडली. फासे पडले: सहा, सहा, पाच, पाच, चार, तीन. एकोणतीस! सगळे ओरडले, डब्लिनवाल्याने तर माइक बंद न करता शिट्टी मारली. आणि मला सांगावं लागलं की रखवालदाराला काही झालेलं नाही. अहो, सहाच्या सहा फाशांवर सहा पडले असते तरी छत्तीसच होतात. ती खेळणारी मुलगी पुढचा पाऊण तास गप्प होती. तेव्हापासून मला झोप नाही.

दुसरी कटकट बळाची. गर्प्समध्ये बळाला एसटी म्हणतात, त्यामुळे 'एसटी उचलायला किती एसटी लागते' हा विनोद आमच्यात झिजून गुळगुळीत झालाय. पण हिशोब खरंच केला. बस दहा टनांची, म्हणजे साधारण २२,००० पौंड धरली. बळाचा वर्ग भागिले पाच हे मूळ वजन, दोन्ही हातांनी त्याच्या आठ पट उचलता येतं. उत्तर आलं एसटी ११८. माणसाची दहा असते, वरच्या १०८ चे प्रत्येकी १० पॉइंट, म्हणजे १,०८०. आमच्या नाशिककराला असा पहिलवान करायचा होता. त्याला मी म्हटलं, बाबा रे, तू रिक्षा उचल.

तिसरं म्हणजे उस्तादचं चिलखत पॉइंटांत बसवायचं म्हटलं तर 'वस्तू चोरीला जाऊ शकते' म्हणून सवलत मिळते. पण हा गडी चिलखत घालूनच झोपतो. मग सवलत कशाची?

खेळ बंद न करता हे कसं सावरू? नियम बदलायची तयारी आहे, पण गर्प्सचे (जमलं की नाही ते ठरवणारे) तीन फासे आता हातात बसलेत.

प्रतिसाद १

गर्प्स सोडा, सुखी व्हा. :) गंमत बाजूला, पण तुमचा बळाचा प्रश्न नियमांच्या मुळातच आहे. गर्प्स १९८६ चं, त्याचा पाया साधा माणूस. दहाची अकरा एसटी झाली तर काय फरक पडतो हे ते फार छान सांगतं. सुपरहिरोला लागतं ते दुप्पटीचं माप. १९८१ च्या चॅम्पियन्स या सुपरहिरोंच्या खेळात बळ १० ला १०० किलो आणि दर ५ ला वजन दुप्पट. तुमची दहा टनांची बस ४५ ला उचलली जाते, वरच्या ३५ चे ३५ पॉइंट. म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स या तसल्याच खेळात दर रँकला (पायरीला) दुप्पट: शून्याला ५० पौंड, नऊला सुमारे २५,०००. तिथे रँकला २ पॉइंट, म्हणजे नेहमीच्या १५० पैकी १८. नाशिककराला रिक्षा देऊन पाठवायची गरज नाही.

चिलखताचंही तेच. म्युटंट्समध्ये पॉवर लेव्हलची (खेळासाठी ठरवलेल्या ताकदीच्या पातळीची) कमाल मर्यादा असते. हल्ल्याचा बोनस आणि वाराचा रँक मिळून लेव्हलच्या दुपटीच्या वर जात नाही, बचाव आणि टणकपणा यांचंही तसंच. ताकद रक्तात आहे की पत्र्यात, मर्यादेला घेणंदेणं नाही.

धागाकर्ता

दुप्पटीचं माप पटलं. पण दोन वर्षांच्या कॅरेक्टर शीट पुन्हा लिहायला बसलो तर माणसं पळतील. शिवाय गोळी लागल्यावर काय होतं याचा गर्प्सचा रोखठोकपणा आम्हाला आवडतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी अर्धा सहमत. माझ्या मते तुमची चूक नियमांची नाही, दोन चलनं एकत्र चालवल्याची आहे. एकाने पॉइंट मोजले, दुसऱ्याने डॉलर, आणि त्यांच्यातला विनिमय दर तुम्ही न बघता मंजूर केलात. चॅम्पियन्सच्या घराण्यात, म्हणजे त्याच नियमांवरच्या खेळांत, यावर जुना तोडगा आहे: साध्या नायकांच्या खेळात बंदूक पैशाने घ्या, सुपरहिरोंच्या खेळात कायमची वस्तू पॉइंटांनीच. गर्प्समध्येही तेच करा. उस्तादचा डीआर ६० म्हणजे मूळ ३०० पॉइंट, त्यावर वस्तूची सवलत. श्रीमंतीचे ५० परत द्या. पैशाने त्याने बंगला घ्यावा, वकील ठेवावा, चिलखत नाही.

सवलतीबद्दल चॅम्पियन्सवाले एक वाक्य मंत्रासारखं म्हणतात: जी मर्यादा आड येत नाही तिचे पॉइंट नाहीत. घालून झोपतो ना? मग चोरीची सवलत शून्य, बिघडण्याची तेवढी द्या. आणि ती दिली की बिघडवणं हे तुमचं कर्तव्य. दर तीन-चार सेशनमध्ये एकदा गुडघ्याची मोटर अडकलीच पाहिजे.

दामिनीचं दुखणं तर सोपं आहे. डीआर भेदायची सुधारणा लावा. पाचाने भागणारी +१५० टक्क्यांना मिळते: ३० चे ७५ पॉइंट होतील. डीआर ६० तिच्या विजेपुढे १२ उरतो, सरासरी २१ मधले ९ आत जातात. तुमच्या परवाच्या २९ ला १७ गेले असते.

पहिलवानासाठी नुसतं उचलण्याचं बळ घ्या, पातळीला ३ पॉइंट. १०८ पातळ्यांचे ३२४. महाग आहेच, पण ५०० मध्ये बसतं. ठोसा मात्र साध्या माणसाचाच राहील हे त्याला आधीच सांगा, नाहीतर तोही पाऊण तास गप्प बसेल.

प्रतिसाद १

३२४ पॉइंटांत बस उचलणारा आणि ठोशाने दारही न मोडणारा पहिलवान! मी आपला दुप्पटवालाच बरा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. काल रात्री उस्तादशी फोनवर बोललो. आधी फुरंगटला, मग म्हणाला, डीआर ४० करू आणि उरलेल्या पॉइंटांत ड्रोन घेऊ. २०० पॉइंट, सवलत वेगळी. रखवालदारांचा डीआर मी २५ वर आणला. एवढ्या फौजेला कंपनी साठचं चिलखत कशाला देईल, हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. दामिनीला भेदक वार दिलाय, पण पाचाऐवजी दोनाने भागणारा, +५० टक्के, ४५ पॉइंट. पंचवीसचे साडेबारा, खाली धरून बारा. उस्तादच्या चाळीसचे वीस, म्हणजे दोघं भांडलेच तर सरासरी वारात त्याला खरचटेल, मरणार नाही. नाशिककर अजून रिक्षावरच आहे, त्याला दोन्ही हिशोब पाठवलेत.

एकच राहिलं. दामिनीने पडलेल्या रखवालदाराचं चिलखत काढून घातलं तर? पॉइंट मागू?

प्रतिसाद २

त्या सेशनपुरतं फुकट घालू द्या. पुढच्या रविवारी ठेवायचं म्हणाली तर पॉइंट मागा. बाकी विजेचा वार करून पाडलेल्या माणसाच्या चिलखतातली मोटर चालू असेल का, हे जीएम म्हणून तुम्ही ठरवा.