पन्नालाल घोष: यमनमधली म॑–प मींड नेमकी कशी निघते?

प्रश्न

बासरीवादक पन्नालाल घोष यांचे यमन आणि मारवा हे राग सध्या रोज ऐकतोय. बासरीवर इतका संथ, इतका भरीव ख्याल! मन भरतच नाही. एका जागेपाशी मात्र दरवेळी अडतो. तीव्र मध्यमावरून (म॑) पंचमावर (प) ते मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत येतात, तेव्हा मध्ये सांधा म्हणून जाणवत नाही. माझ्या सहा छिद्रांच्या पांढरी ३ (E) पट्टीच्या बासरीवर तीच जागा हटकून तुटते. हे त्यांच्या बासरीच्या सातव्या छिद्रामुळे की फुंकेमुळे? शिकणाऱ्याने एकदम त्यांच्यासारखी ३२ इंची बासरी घ्यावी का?

वेळू

मुख्यतः सातव्या छिद्रामुळे. सहा छिद्रांच्या बासरीत वरची तीन बंद केली की सा. तिथून एकेक बोट उचलत रे, ग; पहिलं छिद्र अर्धं उघडलं की शुद्ध म आणि सगळी उघडली की तीव्र म. पुढचा प मात्र सहाही छिद्रं बंद करून वरच्या सप्तकात फुंकावा लागतो. म्हणजे म॑ वरून प वर जाताना सहा बोटं एकाच क्षणी पडायला हवीत. तिथे मींड निघणार कशी?

पन्नालालबाबूंनी सहाव्याच्या खाली, ओळीपासून जरा बाजूला, करंगळीसाठी छिद्र पाडलं. सातही बंद करून फुंक चढवली की मध्य सप्तकातला म॑ येतो. करंगळी हळूहळू सरकवत उचलली की तोच सूर प वर चढतो. बस, एवढंच! शिवाय खाली मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला म॑ मिळतो तो वेगळाच. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून तिथे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एका ओघात उचलत म॑ वरून थेट ध गाठायचा, प वर रेंगाळायचं नाही. पुढच्या वेळी मारवा ऐकताना ही जागा कान देऊन ऐका.

मंद्रपंचम

वरचं बरोबर, पण एक खबरदारी. बाजारातल्या बऱ्याच बासऱ्यांना सहाव्याखाली एकदोन छिद्रं असतात. ती सूर जुळवण्यासाठी असतात, त्यांवर बोट ठेवायचं नसतं. त्यामुळे घेताना ‘करंगळीचं तीव्र मध्यमाचं छिद्र’ असं स्पष्ट सांगा आणि सातही बंद करून तंबोऱ्याशी म॑ तपासा.

३२ इंचीची घाई नको. लांब बासरीत छिद्रं दूरदूर असतात. बोटांच्या टोकांनी ती झाकली जात नाहीत, सपाट पेरं टेकवावी लागतात. खालच्या हाताची अनामिका आणि करंगळी ताणली की बारीक फट राहते आणि मंद्र प एकतर उमटतच नाही, नाहीतर शीळ होऊन वरच्या सप्तकात उडतो. लोक समजतात फुंक कमी पडली आणि जोर लावतात. त्याने आणखीच बिघडतं, कारण मंद्राला फुंक मंदच लागते.

गळती शोधायची रीत सोपी. सा धरा, मग एकेक बोट टाकत नि, ध, प असे खाली या. ज्या बोटाशी सूर फाटेल तिथेच फट. बोट दाबू नका, बासरी किंचित फिरवून पेर नीट बसवा. सहा छिद्रांवर मंद्र प दहा-बारा सेकंद न हलता टिकला की मग करंगळी.

बोरूबहाद्दर

सहा छिद्रांवरही या जागेच्या जवळ जाता येतं. प धरून बासरी ओठाकडे आत वळवली की सूर उतरतो, आणि परत बाहेर घेतली की चढतो. पण आत वळवल्यावर आवाज दबतो, म्हणून तो नाद येत नाही. पं. हरिप्रसाद चौरसिया यांची सगळी थोरवी सहा छिद्रांवरच उभी आहे, हेही लक्षात असू द्या. सातवं छिद्र नसलं म्हणजे राग अपुरा, असं कुणी म्हणू नये.

सात छिद्रांची घडण प्रत्यक्ष ऐकायची असेल तर पन्नालालबाबूंचे शिष्य आणि जावई देवेंद्र मुर्डेश्वर यांची रेकॉर्डिंगं मिळवा. १९४० मध्ये पन्नालालबाबू मुंबईत आले, म्हणून ही परंपरा आपल्याकडे रुजली. पुण्याचे पं. केशव गिंडे त्याच वाटेवरचे.

प्रश्नकर्ता

वेळू, करंगळी सरळ उचलायची की सरकवायची?

वेळू

सरकवायची, तळहाताच्या दिशेने. सरळ उचलली तर दोन सुटे सूर ऐकू येतात. आणि बोट सरकत असताना फुंक जराही वाढवू नका, नाहीतर प चढा लागतो.